यादीत डेलमारचं नाव

आर्डिस : दार उघड, डेलमार! तू आत आहेस ते ठाऊक आहे मला. गाडी अंगणातच उभी आहे.

डेलमार : बरं नाहीये मला.

आर्डिस : महिनाभर? कॅफेत नाही, चर्चला नाही. उघड लवकर, केक गरम आहे, हात भाजतोय माझा.

डेलमार : (दार उघडत) टोमणे मारायला आली असशील तर मारून घे. सरकारी मदत कोणी घेतली, किती घेतली, सगळी यादी नावानिशी इंटरनेटवर लावलीय! अख्ख्या नेब्रास्कानं वाचलं असेल.

आर्डिस : मीही वाचलं.

डेलमार : झालं तर मग.

आर्डिस : आयुष्यभर टेबल बडवून सांगत आलास, सरकारपुढे हात पसरतो तो शेतकरीच नव्हे म्हणून.

डेलमार : माळावर गवताची काडी उरली नव्हती गं. गुरं डोळ्यांदेखत खंगायला लागली. गेलो गुपचूप, दिला अर्ज.

आर्डिस : आणि मला बोलला नाहीस! कुंपणाला कुंपण लागून आपलं. तिकडे दुष्काळ आणि इकडे काय हिरवळ होती? माझा नवरा मर्ल गेल्यापासून तुझंच ऐकत आलेय मी. तू भीक म्हणालास, म्हणून त्या कचेरीची पायरी चढले नाही. या गुरुवारी ट्रक यायचा होता, गाई लिलावाला न्यायला.

डेलमार : मर्लच्या गाई?

आर्डिस : सगळ्या.

डेलमार : देवाशपथ, मला कल्पना नव्हती. लाज वाटते माझी मला.

आर्डिस : वाटू दे थोडी. पण यादीत तुझं नाव दिसलं ना, आधी अस्सा राग आला, आणि मग हसूच फुटलं. म्हटलं, हा ताठ मानेचा बैल तिथं जाऊन वाकला, तर मी कशाला लाजू? दुसऱ्याच दिवशी गेले. आज मंजुरी आली. ट्रकवाल्याला नको म्हणून कळवलं.

डेलमार : म्हणजे गाई...

आर्डिस : गोठ्यात आहेत माझ्या. आभार मानायला आलेय, वेड्या.

डेलमार : माझे कसले? यादी लावली त्यांचे मान.

आर्डिस : त्यांचेही मानते. पण त्यांना केक कुठं नेऊन देऊ?

डेलमार : कॅफेत हसत असतील सगळे.

आर्डिस : हसले चार दिवस. आता लॉइड विचारत होता, अर्ज कुठं देतात.

डेलमार : लॉइड? तो तर सरकारी मदतीविरुद्ध माझ्याहून मोठ्यानं ओरडायचा!

आर्डिस : मला बाजूला घेऊन, अगदी कानात विचारलं. उद्या कॅफेत ये, आणि अर्ज कुठं देतात ते त्याला सगळ्यांदेखत मोठ्यानं सांग.