बदकाच्या पायांचा चोर

(कोलंबियाच्या डोंगरातलं शेत. धुक्याची सकाळ. ओढ्याकाठी पिंजरा, आत मुंगसासारखा लांबट एक प्राणी. शेजारी ओतिलिया आणि तिचा जावई आर्नुल्फो. ओतिलियाची लेक नुबिया नंतर येते.)

ओतिलिया : बघत काय बसलायस? घाल कोयता आणि हो मोकळा.

आर्नुल्फो : सासूबाई, थांबा जरा. हे आहे काय नेमकं?

ओतिलिया : कोमाद्रेखा. कोंबड्या पळवणारी. कधी पाहिली नाहीस?

आर्नुल्फो : पाहिलीय म्हणून तर विचारतोय. हिचं पोट बघा, पिकल्या पपईसारखं. छातीवर तपकिरी डाग. आणि हे पाय! बोटं कातड्यानं जोडलेली, बदकासारखी.

ओतिलिया : मग पोहत येऊन खाल्ल्या असतील.

आर्नुल्फो : खुराडं वर टेकडीवर आहे!

ओतिलिया : तू जावई आहेस की वकील? लेक बाळंत झाली की चाळीस दिवस तिला काय हिच्या पायांचं कढण पाजू? दिवस राहिल्याचं कळल्यापासून मका भरवून वाढवल्यात मी त्या कोंबड्या. दोन गेल्या.

आर्नुल्फो : तीन. काळीपण दिसत नाही.

ओतिलिया : काळीचं माझं मी बघते. तू दोनच धर.

आर्नुल्फो : असं कसं? गेल्या त्या तीन.

ओतिलिया : दोन म्हटलं ना!

आर्नुल्फो : बरं, दोन. पण खुराड्यात एक पीस नाही, रक्ताचा थेंब नाही. पिंजऱ्यात आमिष म्हणून आतडी ठेवली होती, त्यांना हिनं तोंडसुद्धा लावलेलं नाही.

ओतिलिया : मग आत शिरली कशाला?

आर्नुल्फो : तेच तर कळेना! आणि ती शहरातली मुलगी आठवते? झाडांना कॅमेरे बांधत होती, आपल्याकडे मक्याचा अरेपा खाऊन गेली. तिच्याकडच्या चित्रात हीच होती. बहुतेक. म्हणाली, हिला जिवंत पाहिलेली माणसं फार थोडी.

ओतिलिया : चोर कुणाला दिसतो कधी? आण तो कोयता इकडे. मारून खुराड्याच्या खांबाला टांगते, बाकीच्यांना जरब बसू दे.

नुबिया : आई! मारू नकोस तिला!

ओतिलिया : तू कशाला उतरलीस या निसरड्यातून? दिवस भरलेत तुझे, अक्कल आहे का?

नुबिया : तिनं काही नाही केलेलं. कोंबड्या मी दिल्या.

ओतिलिया : दिल्या? कुणाला?

नुबिया : शेजारच्या मार्लेनीला. ती बाळंत झालीय. तिला आई नाही, तिच्यासाठी कोंबड्या कोण पाळून ठेवणार? नुसती पेज पिऊन पडली होती गं. मला बघवेना.

आर्नुल्फो : आणि मी वेड्यासारखा पावसात राखण करत बसलो!

नुबिया : तू घोरायला लागलास की मी न्यायचे.

आर्नुल्फो : मी घोरत नाही.

नुबिया : आई, रागाव ना माझ्यावर. शिव्या तरी दे.

ओतिलिया : किती दिल्यास?

नुबिया : दोन. शप्पथ.

आर्नुल्फो : मग तिसरी? काळी हिनंच खाल्ली म्हणायची? आता हिला मारू की सोडू? माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

ओतिलिया : सोड तिला.

आर्नुल्फो : अहो पण काळी...

ओतिलिया : दार उघड म्हणते ना!

आर्नुल्फो : उघडलं. गेली! सरळ पाण्यात! बघितलं, कशी पोहते? आता काळीचं सांगा.

ओतिलिया : काळीचं एव्हाना कढण झालं असेल. मार्लेनीच्या चुलीवर.

नुबिया : तू दिलीस? तिच्या बापानं ओढ्याचं पाणी वळवलं तेव्हापासून तूच बजावतेस ना, त्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून?

ओतिलिया : पाऊल कुठं टाकलं? कुंपणावरून दिली.