जवळ्याचं जेवण

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एक सवाल आहे. जेवत्या जिवाला घासावरून उठवावं का? — 'नाही' म्हणालात! किती पटकन म्हणालात! मग ऐका.

खाडीकाठी एक कोळीवाडा. तिथला हिराजी. गावदेवीच्या जत्रेत पहिला नैवेद्य ताज्या जवळ्याचा, म्हणजे त्या कोळंबीसारख्या इवल्याशा मासळीचा, आणि तो मान हिराजीच्या घरचा! — हसताय? बुवा माळकरी आणि आख्यान जवळ्याचं? अहो, मी खात नाही, नुसतं सांगतो!

अट एकच. पालखी उठायच्या आत टोपली देवळात. नाही आली, तर मान शेजारच्या धर्मा कोळ्याकडे. कायमचा! आणि यंदा जवळा फिरकलाच नव्हता. हिराजीचा जीव टांगणीला! अन् जत्रेच्याच सकाळी बघतो तर काय — उथळ पाण्यात जवळाच जवळा! त्यानं जाळं उचललं. तोच मागून त्याची आई, सोमीबाय —

"थांब रं. जेवतान ती."

"आये, मासली कवा जेवत नाय गो? ओहोटी लागंल, जातील सगली!"

त्या वाड्याची रीत अशी, की वैरी जरी दारात आला तरी घरधन्याचं जेवण उरकेपर्यंत ओट्यावर बसून राहायचा. पण ती रीत माणसांची! जवळ्याला कसली रीत? हिराजीला हसूच आलं. म्हातारीनं वाद घातला नाही. परातीत खाडीचं पाणी घेतलं, ओंजळभर जवळा सोडला, परात उन्हात ठेवली.

"बग."

हिराजी वाकला. जन्मभर टोपल्यांनी जवळा उपसलेला माणूस — पण जिवंत जवळा निरखून कधी पाहिलेला? कधीच नाही! नखाएवढं अंग, काचेसारखं आरपार! दोन काळे डोळे. अंगाहून लांब मिशा. समोर एक तांबूस कण. कण कसला, जीव तो! जवळा सरकला — कणानं टुणकन उडी मारली! निसटला! जवळा थांबला. पाणी हललेलं मिशीला कळलं. वळला — झेप! आणि पायांची, मंडळी, पायांची टोपली झाली! कण आत! फिरवून फिरवून तोंडाशी नेला. अन् त्या काचेच्या अंगातून घास खाली उतरताना दिसला हो! आणि तो कण तरी उपाशी होता का? तोही याहून बारीक काहीतरी खातच होता!

हिराजी आणखी खाली वाकला. एवढ्याशा जिवाला ही मिशी दिली कुणी? पायांची टोपली करायला शिकवलं कुणी? विठ्ठल, विठ्ठल!

त्यानं खाडीकडे पाहिलं. तिथं असे लाखो घास चालले होते. जाळं टाकायला हातच उठेना. ओहोटी लागली, जवळा समुद्राकडे निघून गेला. पालखी उठली. मान वाचला असं वाटलं तुम्हाला? गेला! मान धर्माकडे गेला, नैवेद्यही बदलला; त्यानं कोळंबीची टोपली नेली. देवीनं चमत्कार-बिमत्कार काही केला नाही.

मग हिराजीनं जवळा सोडला का? छे! दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं! कोळी तो, पोट त्यालाही आहे. फक्त आधी वाकून बघायचा.

पण त्या दिवशी रिकाम्या टोपलीनं घरी आला, तेव्हा डोळे भरले होते.

"गेला मान?" सोमीबायनं विचारलं.

"गेला, आये."

"ती पोटभर जेवून गेली नं?"

"गेली."

"मंग हात धू. बस जेवाया."

आता तुमच्याकडे वळतो! थोड्या वेळानं इथं महाप्रसाद आहे. पहिली पंगत बसेल. कुणी म्हातारा सावकाश भात कालवत असेल. आणि त्याच्या पाठीला गुडघा लावून, जागा धरायला कोण उभं असेल? — शेजाऱ्याकडे नका बघू! मागं सरा. त्याचा घास खाली उतरू द्या. बोला, विठ्ठल!