रिकामी बाटली

नोएडाहून येणाऱ्या मेट्रोत माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी बसले होते. मुलीच्या गळ्यात सोनेरी मेडल होतं.

“लुंबिनी, हात अजून पांढरा कसा?”

“लिक्विड चॉक आहे, बाबा. ते लावलं की घामाने वजनाचा बार हातातून सुटत नाही. सकाळी तुम्ही सॅनिटायझर म्हणून वाटून टाकलंत ना, तेच.”

“स्पिरिटचा वास येत होता गं. स्पर्धेच्या दाराशी रांगेतल्या लोकांनी हात पुढे केले, मी देत गेलो.”

“जमिनीवरून बार उचलायची माझी शेवटची डेडलिफ्ट आली आणि बाटली रिकामी.”

“अरे देवा. मग उचललंस कसं?”

“माझ्यानंतर जिची पाळी होती, तिने तिच्या बाटलीतलं माझ्या हातावर ओतलं. वर म्हणाली, पहले सूखने दे, जल्दी मत कर.”

“तिचा नंबर कितवा आला?”

“दुसरा. माझ्यापेक्षा अडीच किलो कमी.”

“अच्छा. तिला काय म्हणालीस?”

“काहीच नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. नंतर मेडलच्या गडबडीत थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.”

“अजून असेल ती तिथे?”

“असेल. तिच्या बहिणीची पाळी चार वाजता आहे.”

“चलो, ऊठ. पुढच्या स्टेशनला उतरून परत जाऊ.”

“आई जेवायची थांबलीय, बाबा.”

“तिला मी फोन करतो. तुझी बॅग दे इकडे.”

“राहू द्या, जड आहे.”

“दे म्हणतो ना. तिच्यासमोर तुझे दोन्ही हात मोकळे हवेत.”