रंगीत रबरं

नाही हो काकू, चॉकलेटं खाऊन नाही झाले दात असे — आणि घासते मी, रोज दोनदा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. सगळ्यांचा. दातांच्या दवाखान्यात बाकावर बसलं की जो तो डॉक्टरच होतो. तीन वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. झालं समाधान? आता चेहरा पाडू नका, बरी झालेय मी, कधीचीच. पण औषधांना कुठे अक्कल असते — रोग कुठला, हिरडीत झोपलेला दाताचा कोंब कुठला, सगळे एकाच मापाने झोडपले. म्हणून काही दात तांदळाएवढे, काही आलेच नाहीत. हा बाजूचा दिसतोय ना, तो अजून दुधाचाच आहे. सोळाव्या वर्षी दुधाचा दात — हसा, हसा, वर्गात पण हसतात.

आई तर त्याहून वरताण. दर रविवारी मला खिडकीशी उभं करायची, बोटाने हिरडी चाचपायची, म्हणायची, ‘टोचतंय गं काहीतरी, येतोय.’ कुठला येतोय — खाली काही नाहीच, एक्स-रेत स्वच्छ दिसलं. तरी चाचपणं चालूच. काही माणसांची आशा इतकी चिवट असते ना, कीव येते.

आणि आमच्या वर्गातल्या त्या पोरी. दातांना तारा, तारांवर रंगीत रबरं, आणि दिवसभर रडगाणं — दुखतंय गं, चावता येत नाही गं. आयतं मिळालं की माजतात माणसं. मला मिळाल्या ना, तर मी हूं की चूं करणार नाही — म्हणजे मिळाल्या तर. हौस नाहीये मला. माझ्या दातांची मुळंच आखूड, तारांनी ओढले तर टिकतील की हलायला लागतील, ते आज कळणार. आईला एकटीलाच आत बोलावलंय, जसे काही दात तिचेच. रबरं मी जांभळी घेणार होते — जाऊ दे, तुम्हाला काय करायचंय.

आली बघा. आता बघाच, आमच्या मातोश्री हसतात कशा — अख्खी बत्तिशी दाखवून, रस्त्यावर ऐकू जाईल असं. लाज वाटते मला. आणि वर मलाच रोज बोलते, तू तोंड मिटून का हसतेस म्हणून —

हसतेय आई. तोंड मिटून.

पाय घ्या जरा काकू. जायचंय मला.