वारा पश्चिमेचा

—त्या खुर्चीवर नका बसू साहेब, मागचा पाय निखळलाय तिचा, आणि कुत्री रोज तिच्यावरच झोपते — शी! — इकडं बाकावर या. सही करतो म्हटलं ना, करतो. जबाब तुम्ही हेडऑफिसातून टाइप करूनच आणलाय — लोटू चौकीदारानं पट्टी मोकळी ठेवली नाही, म्हणून विमान पट्टी सोडून चिखलात गेलं, लोटूला कायमचा काढावा, साक्षीदार मी, निंबा — एवढंच ना? मग घाई कसली? अकोल्याचे म्हणालात ना? मराठी माणूस आला, चहा तरी घ्या. चहा कसला, उकळलेलं गढूळ पाणी, पण घ्या.

इथं सगळंच तसलं आहे बघा. याला म्हणे विमानतळ! सुरतेत एवढे हिरे, एवढं कापड, आणि विमान काय, तर आठवड्यातून तीनदा येणारं अठरा माणसांचं डबडं. बाकीचे दिवस पट्टीवर म्हशी बसतात. शेण कोण उचलतो? मी आणि लोटू. आणि आमचा भूपेंद्रभाई — रेडिओवाला — पाय टेबलावर, तोंडात मावा, खिडकीतून बाहेर बघेल तर शपथ! वैमानिक वरून विचारतो, हवा कशी, पट्टी कशी; भूपेंद्रभाई मला ओरडून विचारतो, मी सांगतो, तो इंग्रजीतून वर सांगतो. म्हणजे बोलणारा तो, बघणारा मी. तो खांबावरचा कापडी मोजा दिसतो ना, नारिंगी? आता पार विटलाय म्हणा. तो भरून ज्या अंगाला जातो त्याच्या उलट्या अंगानं वारा. विमानाला वारा नेहमी तोंडावर पाहिजे, म्हणजे ते लवकर थांबतं. पाठीवर घेतलं की पळत सुटतं. हे मला कुणी शिकवलं? कुणी नाही. लूमवर होतो मी आधी, गोडादऱ्याला. प्लेगच्या सालानंतर इथं लागलो, बघून बघून शिकलो.

तर उन्हाळ्यात वारा समुद्राचा, पश्चिमेचा. रोज. विमान शहराच्या अंगानं उतरतं, अर्ध्या पट्टीत थांबतं, वळून परत येतं. समुद्राकडचं टोक नुसतं तापत पडलेलं — स्वच्छ, काळं, तव्यासारखं. आता तुम्हीच सांगा, खानदेशातली बाई असलं टोक बघून गप्प बसेल? वैशाख महिना, ज्वारी भिजवलेली! गोडादऱ्याला गच्चीवर बिबडे — आमचे ज्वारीचे पापड हो — घातले की मिलच्या धुरानं काळे पडायचे, मेलं तोंडात घालवत नव्हतं. इथं आमची पुष्पा पहाटे घाटा शिजवायची, छापात बिघडलेल्या साड्या पट्टीवर अंथरायची आणि त्यावर बिबडे थापायची. दुपारी खडखडीत. तीन वर्षं. हां — म्हणजे — बायका घालायच्या म्हणा. गावातल्या. कोण कोण घालायच्या ते मला नाही ठाऊक. हसू नका साहेब. तुमच्याकडं घरी नाही घालत?

लोटूचं काम पट्टी मोकळी ठेवायचं, बरोबर आहे तुमचं. त्या दिवशी आला होता तो माझ्याकडं. म्हणाला, निंबाभाऊ, आभाळ वेगळं दिसतंय आज, वहिनीला सांगा, साड्या उचलू लागतो मी. मी म्हटलं, गप रे, आताशी थापलेत, ओले आहेत, उचलले तर लगदा होईल. पुष्पाही म्हणाली, "मना बिबडा वाळू द्या, मंग येऊ द्या तुमनं इमान." हसलो आम्ही तिघं. आणि तासाभरानं विमान आलं की डोक्यावर! भूपेंद्रभाई आतून ओरडला, "निंबा, पवन केवो छे?" मी खांबाकडं बघितलं. मोजा समुद्राकडं गेलेला. सरळ, भरलेला. वारा पूर्वेचा, आणि चांगला जोराचा. आता तसं सांगितलं तर विमान समुद्राच्या अंगानं उतरणार, पहिलं चाक बिबड्यांवरच टेकणार. मी ओरडलो, "पश्चिमेचा! पट्टी साफ!"

तेवढ्यासाठी, साहेब! पापडासाठी! आणि वाचले का बिबडे? कशानं वाचणार? पाठीवर वारा घेऊन उतरलं ते, अर्ध्या पट्टीत थांबेना, पाऊण पट्टीत थांबेना, धावत धावत साड्यांवर गेलं, घसरलं आणि पलीकडं खाडीच्या चिखलात नाक खुपसून बसलं. चाकाला साडी गुंडाळलेली, घाटा पार खिडकीपर्यंत उडालेला. अकरा माणसं होती आत. एका म्हातारीचा हात मोडला, ती बिचारी नुसती बघत होती माझ्याकडं.

मग तुमच्यासारखेच साहेब आले, कुणाच्या साड्या म्हणून विचारलं. लोटू माझ्या शेजारी उभा. म्हटलं, आता हा सांगणार. नाही सांगितलं त्यानं. माझी चूक झाली म्हणाला. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणे, वहिनीला कशाला चौकशीत ओढायचं भाऊ. असला मूर्ख माणूस! आता बमरोलीला मिलमध्ये तागे वाहतोय डोक्यावर, पन्नाशीत. आणि मी इथं बसून भूपेंद्रभाईला नावं ठेवतोय. थू!

काय बघताय असं? बोललो ना मी सगळं? बोललो. बोलायचं नव्हतं, तुमच्या त्या मराठीनं घात केला. नाही, पेन नको मला, तुमच्याचकडं ठेवा. लोटूचं नाव खोडा. खोडा म्हणतो ना! तिथं निंबा दौलत महाजन लिहा, वारा डोळ्यांनी बघून खोटा सांगितला म्हणून लिहा. माझीच किळस येते मला, सकाळी तोंड धुताना सुद्धा येते. लिहिलं? आता द्या पेन, करतो सही. ही घ्या. आणि उठा. चहा राहू द्या, उठा म्हणतो ना! पुष्पा भाकरी घेऊन येतेय तिकडून, तिच्यासमोर एक शब्द नको. तिला वाटतं, वैमानिकाचीच चूक होती. लोटू गावाला गेलाय, असं सांगितलंय मी तिला.