होल्टकाम्पसाहेबांचे एकशे अडुसष्ट ठोके

नाही, पण मला सांगा, विश्वास ठेवायचा तरी कोणावर? सायकलवाल्यावर? छे छे छे! बावीस वर्षं मी इथे पोयेन्सात भाड्याने सायकली देतोय, त्याआधी बदाम विकायचो, आणि तुम्हाला सांगतो, बदामाचं गिऱ्हाईक परवडलं, फार तर कडू निघाले म्हणून परत आणून आपटेल... पण हा फेब्रुवारीतला सायकलवाला! तिकडे ह्यांच्या गावात बर्फ, म्हणून सरावाला आमचं मायोर्का बेट. आम्ही लोकरीच्या टोप्या घालून कुडकुडतोय आणि हे आखूड बाह्यांत, उन्हाचं मलम नाकाला फासून! दुकानात शिरल्या शिरल्या सगळ्यांचं एकच रडगाणं, "तोमेउ, ह्या हिवाळ्यात सायकलला हात नाही हो लावला, आज जरा हळू घेऊ." आणि पहिल्या चढाला असा सुटतो की त्याची पाठसुद्धा दिसत नाही! म्हणून म्हणतो, माणसावर विश्वास ठेवू नये. यंत्रावर ठेवावा. असं मला वाटायचं. वाटायचं हं!

तर होल्टकाम्पसाहेब. वय बहात्तर, जर्मनीत शाळामास्तर होते, अठरा वर्षं दर फेब्रुवारीला बायकोसकट हजर. यंदा आले ते छातीत स्प्रिंग बसवून. पानगळीत हृदयाची नळी तुंबली, डॉक्टरांनी मोकळी केली आणि सांगितलं, सायकल चालवा, पण ठोके मिनिटाला एकशे तीसच्या वर जाता कामा नयेत. ही हकीकत मला कोणी सांगितली? साहेबांनी? ते कसले सांगतात! ते आल्या आल्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये मोजत बसले. त्यांच्या बायकोने, हेडीबाईंनी, मला कोपऱ्यात घेतलं. एवढीशी बाई, पण माझी बाही अशी धरली... "तोमेउ, हा माणूस मला फसवतो. डॉक्टरला फसवतो. तुम्ही रोज ह्याच्या शेजारी चालवा. हा छातीचा पट्टा ठोके मोजतो, आकडा हँडलवरच्या मीटरवर दिसतो, एकशे तीस झाले की उतरवा ह्याला. माणूस खोटं बोलेल, पट्टा खोटं बोलत नाही." मग म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं झाली हो लग्नाला. मला परत जाताना विमानात शेजारी माणूस हवाय."

आता असं म्हटल्यावर काय बोलणार तुम्ही? मी म्हटलं, बाई, साहेब माझी जबाबदारी!

मी दोन पट्टे काढले, एक त्यांना, एक मला. म्हटलं, एकट्यालाच बांधला तर मास्तर रुसायचे. दुकानात शेजारी शेजारी उभे राहून बांधले, दोन्ही मीटरवर 'शोधा' दाबलं, टिंग! त्यांचा सापडला. टिंग! माझाही सापडला. निघालो.

सपाटीवर मजेत. शेतांत बदाम फुललेले, साहेब कुठल्या वर्षी कुठल्या वळणावर टायर फुटला ते सांगतायत. मग डोंगरातल्या युक्च्या मठाकडचा चढ लागला, आणि मी सहज त्यांच्या हँडलवर नजर टाकली तर... एकशे त्रेचाळीस! "साहेब! हळू!" "मी हळूच आहे," म्हणाले. असणारच! सगळे हळूच असतात! पुन्हा पाहिलं, एकशे एक्कावन्न. माझ्या मीटरवर किती? शंभर. मला बदामाच्या पोत्यावर बदाम खात बसून वाढलेल्या माणसाला, एकोणसाठाव्या वर्षी, पन्नास इंच पोट, चढाला शंभर! मनात म्हटलं, वा तोमेउ! घोड्याचं काळीज आहे तुझं! धाप लागली होती, नाही असं नाही, पण ती काळजीने. डावा हात जरा आखडला होता, तो हँडल घट्ट धरल्याने.

"साहेब, उतरा! एकशे अठ्ठावन्न!" "अहो, मी शीळ घालतोय." "शीळ घालू नका! छातीवर ताण येतो!" आणि तुम्हाला सांगतो, मी जितका ओरडतोय तितका त्यांचा आकडा वर! मी म्हणतो "बायकोचा विचार करा," एकशे चौसष्ट! मी म्हणतो "हट्ट सोडा," एकशे अडुसष्ट! चेहरा बघावा तर गुलाबी, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी मनात म्हटलं, बघा, कसलेला लबाड! आतून मरतोय आणि वर शीळ घालतोय! पण पट्टा खोटं बोलत नाही!

शेवटी सायकल आडवी घालून उतरवलं. परत फिरावं तर घाटात फोन लागत नाही, आणि वर कोलोमाची खानावळ दोन किलोमीटरवर, तिथे खुर्ची आहे, फोन आहे. म्हटलं, तुम्ही नुसते चाला, दोन्ही सायकली मी ढकलतो. एका हाताला ही, एका हाताला ती, चढ, आणि डोळे त्यांच्या मीटरवर... एकशे चौऱ्याहत्तर! चालताना! खिशात हात घालून! मला रडूच फुटायचं बाकी होतं. हेडीबाईंना काय सांगू? साहेब जरा पुढे गेले, वळणाआड, तर माझ्या मीटरवरचा आकडा गायब, नुसत्या दोन रेघा! म्हटलं हे यंत्रही आत्ताच बिघडायचं होतं? साहेब परत आले, आकडा परत आला. तेव्हा तरी डोक्यात उजेड पडावा की नाही? नाही पडला.

खानावळीत पोचलो. सायकलवाला मीटर काढून टेबलावर ठेवतो, चोरी होऊ नये म्हणून, तसे आम्ही ठेवले. कोलोमा संत्र्याचा रस आणि बदामाचा केक घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तोमेउ, अरे तू राखेसारखा का दिसतोयस?" मी म्हटलं, माझं सोड, आधी ह्यांना झोपव! ह्यांचे एकशे छप्पन्न आहेत, बसल्या जागी!

झालं. मास्तर भडकले. "पुरे! अठरा वर्षं येतोय, असा अपमान कोणी केला नाही!" असं म्हणून सदऱ्यात हात घातला, पट्टा ओढून काढला आणि केकच्या ताटलीशेजारी टाकला.

आणि त्यांच्या मीटरवर... एकशे एकोणसाठ. एकशे बासष्ट.

माझ्या मीटरवर? दोन रेघा.

साहेबांनी पट्ट्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या पोराचं गणित चुकल्यावर पाहावं तसं, आणि हळूच म्हणाले, "तोमेउ, हे कोणाचे आहेत?" त्यासरशी एकशे एकाहत्तर!

खोटं बोलला नव्हता हो पट्टा! दुसऱ्याच्या मीटरशी बोलत होता! साहेबांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, कोलोमाने फोन केला, आणि त्या डाव्या हाताबद्दल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला जे विचारलं त्याचं उत्तर देताना मला माझ्याच आवाजात होल्टकाम्पसाहेब ऐकू यायला लागले, "नाही हो, विशेष काही नाही, मी हळूच होतो."

दोन स्प्रिंगा बसवल्या. त्यांना एक, मला दोन!

आता काय? साहेब रोज एकटे घाट चढतात, एकशे अठरा, एकशे वीस, शीळ घालत. आणि मी, डॉक्टरांची तीच एकशे तीसची अट घेऊन, बंदरापर्यंतच्या सपाट रस्त्यावर, शेजारी बॅटरीच्या सायकलीवर हेडीबाई. दर किलोमीटरला, "किती?" मी म्हणतो एकशे पाच. "मी बघते," म्हणून स्वतः वाकून बघतात! आणि तिथल्या तिथे सायकल थांबवून वहीत लिहितात.

पण येत्या रविवारी दोघं परत चाललेत, विमानात शेजारी शेजारी बसून. वही मात्र इथेच राहणार, आणि बाईंनी मला बजावलंय, जे कोणी सायकल न्यायला येईल त्याने तोमेउला सोबत फिरवून आणायचं आणि आकडा लिहायचा. सवय व्हावी म्हणून आजपासूनच सुरुवात, आज तुम्ही आलात, म्हणजे तुम्ही. ही घ्या वही, ही पेन्सिल. एक सांगून ठेवतो, वाटेत मी तुम्हाला लाडीगोडी लावीन. भाडं माफ म्हणेन, केक माझ्याकडून म्हणेन, एकशे चव्वेचाळीसचे एकशे चोवीस करा म्हणून हातापाया पडेन. मी व्यापारी माणूस, मला ओळखतो मी. माझं ऐकू नका हं... हिशेब चोख ठेवा.