दोरीचा तह

हसू नका, पण मला दिल्लीला पाठवलं ते एका कपडे वाळत घालायच्या दोरीने.

आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. झाले, दिल्लीतल्या एका संस्थेत निवडही झाली, पण बाबा सोडेनात. ‘जगाचे प्रश्न हरमलात बसून सोडव,’ म्हणाले. गोव्यातल्या या किनाऱ्यावरच्या गावात आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. तेव्हा शेजारशेजारच्या खोल्यांतले दोन परदेशी पाहुणे दोरीवरल्या जागेसाठी रोज भांडत होते.

‘गो बाय, आता दाखव तुझा शिक्षण,’ बाबा म्हणाले.

मला वर्गातलं आठवलं: समान शत्रू मिळाला की भांडणारे एक होतात. मी गुपचूप दोरीच काढली आणि दोघांना सांगितलं, ‘बाबांचा हुकूम!’

थोड्याच वेळात ओले टॉवेल खांद्यावर टाकून दोघे मिळून बाबांच्या दारात.

ते गेल्यावर बाबांनी विचारलं, ‘भांडाण मिटला?’

‘मिटलं की! आता चहासुद्धा एकत्र प्यायला बसलेत.’

‘मगे माझ्यावर कित्याक बोंबलतत?’

मी सगळं सांगितलं. बाबांनी लगेच आईला हाक मारली, ‘अगो, हिची बॅग भर. ह्या चेडवाक घरात ठेवणा बरा नाय!’